राज्यमार्गावरची पांजणी

शिवराजला सरकारची भीती वाटत असे. सरकारनं त्याचं कधी काही वाकडं केलं होतं अशातला भाग नाही. तो वेळच्या वेळी वीजबिल भरी, न चुकता मतदान करी, कोपऱ्यावरच्या दुकानात चहापूड आणायला जातानासुद्धा हेल्मेट घाली. पण पोस्टमननं सायकल घराच्या दिशेनं वळवली की हा मागच्या दारानं परसात गेलाच म्हणून समजा. मीटर बघायला येणारा माणूस नुसता "काय मालक" म्हणाला, तरी शिवराज आधी घाम पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा. एकदा माणसं मोजायला आलेल्या बाईंनी घरात किती जण आहेत असं विचारलं, तेव्हा त्यानं घाबरून स्वतःला धरलंच नाही. शेवटी त्याच्या आईनं, सोनाबाईनं, आतून सांगितलं, "आनि एक हाय, बाई. तुमच्याम्होरं हुबा हाय त्यो."

नेमका अशाच माणसाच्या दारात राज्यमार्ग रुंद व्हायला निघाला.

बेळगावच्या वडगावात माग ठेवायला जागा अपुरी पडू लागली तेव्हा काही विणकर घरांनी शहराबाहेर माळाची जमीन घेऊन वस्ती केली होती. तिला विणकर माळ म्हणतात. वस्तीसमोरून एक राज्यमार्ग निपाणीकडे जातो. सुसाट गाड्या जातात तो मोठा महामार्ग वेगळा. हा त्याचा गरीब चुलतभाऊ. दिसेल त्या गावात शिरतो, कुणाच्या शेताला वळसा घालतो, कुणाच्या देवळासमोर अंग चोरतो आणि दमून-भागून एकदाचा निपाणीला पोचतो. ह्या रस्त्याच्या कडेला शिवराजचं घर होतं, घराला लागून दोन यंत्रमागांची खोली होती, आणि त्या खोलीवर सगळ्या घराचं पोट होतं.

मोजणीची माणसं आली, तीन पायांचं यंत्र उभं करून त्यातून एका डोळ्यानं बघितलं आणि लाल टोकाच्या लाकडी खुंट्या ठोकून गेली. खुंट्या ठोकल्या त्या रस्त्याला लागून, पार गटाराच्या पलीकडे. घर आणि खुंट्या यांच्यात अख्खं अंगण मोकळं राहिलं होतं. शिवराजनं हे सगळं खिडकीच्या फटीतून पाहिलं. माणसं गेल्यावर तो बाहेर आला, अंगणाकडे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं आणि वाचलो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो निर्धास्त मनानं खडेबाजारात सूत आणायला गेला. ती त्याची चूक झाली.

सोनाबाईकडे त्या दिवसांत एक महत्त्वाचं काम होतं. नातीचं, रक्षाचं, लग्न ठरलं होतं आणि लग्नातली साडी हातमागावरची असणार, तीही आजीच्या हातची, असं सोनाबाईनं परस्पर जाहीर केलं होतं. यंत्रमागाच्या साडीला ती साडी मानतच नसे. कोपऱ्यातला जुना हातमाग पुसून तयार झाला. आता ताण्याची पांजणी करायची होती. पांजणी म्हणजे ताण्याचं उभं सूत मोकळ्या जागेत लांबच लांब ताणून धरायचं, त्याला कुंच्यानं खळ लावायची आणि उन्हात वाळवायची. पूर्वी ह्या कामाला घरोघरी लाकडी घोड्या असत. यंत्रमाग आल्यावर त्या चुलीत गेल्या. सोनाबाई घोड्या शोधत दाराबाहेर आली आणि तिला समोर काय दिसलं, तर सारख्या अंतरावर एका ओळीत ठोकलेल्या नव्याकोऱ्या खुंट्या.

आता विणकराच्या म्हातारीनं ह्याचा अर्थ काय काढावा? तिला वाटलं, सरकारला सुचलं एकदाचं. फक्त सरकारनं जागा चुकीची धरली होती. रस्त्याकडेला ट्रकांची धूळ उडते, ओल्या खळीला धूळ बसली की ताण्याचं वाटोळं. म्हणून सोनाबाईनं आपल्या दारापुढच्या खुंट्या उपटल्या आणि अंगणात आत आणून, पडवीच्या अंगानं थेट मागाच्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत नव्यानं ठोकल्या. सुतळी धरून, अगदी सरळ. सूनबाई शालू म्हणाली, "आत्ती, सरकारच्या हाईत त्या." सोनाबाई म्हणाली, "मग आम्ही कुनाचे हाय?"

संध्याकाळी शिवराज परतला तेव्हा तालमीसाठी लावलेला जुन्या सुताचा ताणा गुंडाळून झाला होता आणि खऱ्या ताण्यासाठी खुंट्या तशाच ठेवल्या होत्या. सुताचे गठ्ठे उतरवण्याच्या गडबडीत त्याला त्या दिसल्या नाहीत. सकाळी ठेकेदाराचा माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला. खुंट्यांच्या ओळीत जी भिंत येईल तिच्यावर फुली मारायची, एवढंच त्याला सांगितलेलं होतं आणि तेवढंच तो करत होता. रंगाचा डबा आपल्या दाराकडे वळतोय हे दिसताच शिवराज जो मागाच्या मागं जाऊन बसला तो बाहेरची चाहूल थांबेपर्यंत हलला नाही. बाहेर येऊन बघतो तर पडवीच्या भिंतीवर एक फुली आणि मागाच्या खोलीच्या भिंतीवर दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

आईनं खुंट्यांचं सगळं सांगितलं तेव्हा तो मटकन कट्ट्यावर बसला. त्याला खरोखर भीती वाटली. घर जाणार, माग जाणार, ऐन लग्नाच्या तोंडावर पोरीचे सासरचे लोक फुल्या मारलेल्या भिंतीपुढं जेवायला बसणार. आणि खरं सांगायला जावं तर आई जाणार.

आई जाणार हे गुंडू अण्णांचं मत. गुंडू अण्णा शेजारी राहत. चुलत्याच्या बांधाच्या भांडणात ते एकदा कोर्टात साक्षीला गेले होते आणि तेव्हापासून सगळी वस्ती कायद्यासाठी त्यांच्याकडे येत असे. त्यांनी दोन्ही फुल्या जवळून पाहिल्या, एक बोटानं खरवडून बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "सरकारी खुंटी हलवनं म्हंजे लई वाईट कलम हाय, शिवा."

"कुठलं कलम, अण्णा?"

"आकडा आठवंना. पर वाईट हाय, एवढं आठवतंय."

शिवराजला आकडा कळला असता तर निदान भीतीला एक मर्यादा आली असती. आता ती मोकाट सुटली. म्हातारी बेड्या घालून चालली आहे आणि पोलिसाला बेडीची कडी नीट बसवून दाखवते आहे, असं त्याला जेवतानासुद्धा दिसू लागलं.

"मग करू काय?"

गुंडू अण्णांनी बराच विचार केला. "आईचं नाव काढायचं न्हाय. रस्त्याचा इतिहास काढायचा. हा रस्ता वाडवडलांपासनं कुठनं जातोय, कुठं वळतोय, समदं गोळा कर. रस्ता तुझ्या पडवीतनं कधीच जात नव्हता हे दाखीव. इतिहासाम्होरं सरकार गप बसतंय."

झालं. ज्या माणसाला स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नव्हतं, तो राज्यमार्गाचा इतिहास गोळा करायला निघाला. रस्त्यांचं ऑफिस निपाणीला आहे असं कळलं म्हणून तो बसमध्ये बसला. शेजारच्या सीटवर परशराम आप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेल्यामुळं असेल, पण त्यांना बोलायला सोबत लागत असे. शिवराजनं भीत भीत विचारलं, "आप्पा, ह्यो रस्ता जुना हाय व्हय?" एवढं निमित्त त्यांना पुरलं.

बस पहिल्या वळणावर आली. "हे वळान बघिटलास? हितं एक पाटील होता. गोऱ्या सायबाला कोंबडी खायला घाटली, रस्ता शेतातनं काढू नको म्हनून. सायबानं कोंबडी खाल्ली आनि रस्ता भावकीच्या शेतात ढकलला. अजून दोन घरं बोलत न्हाईत."

पुढं दोन गावांच्या मधोमध, ओसाड जागी एक थांबा लागला. "ह्या दोन्ही गावास्नी रस्ता नको होता. रस्ता आला की पोलीस येतोय म्हनाले. मग रस्ता मधनंच गेला. आता दोन्ही गावं बससाठी उन्हातनं चालत येत्यात." त्याच्याही पुढं रस्ता विनाकारण डोंगराच्या पोटात शिरून परत बाहेर आला. तिथं आप्पा म्हणाले की ह्याचं कारण त्यांना माहीत आहे, पण बायकांसमोर सांगण्यासारखं नाही. निपाणी येईपर्यंत शिवराजला एवढं कळून चुकलं की ह्या रस्त्यावर एकही वळण फुकट पडलेलं नाही. प्रत्येक वळणामागं एखादा पाटील होता, वखारवाला होता, देवस्थान होतं. दोन यंत्रमागवाल्या माणसासाठी रस्ता तसूभरही हलल्याचं एकही उदाहरण इतिहासात नव्हतं. इतिहास काढून त्याची भीती दुप्पट झाली.

ऑफिसातल्या कारकुनानं मान वर न करता कानडीत सांगितलं, "सर्वे मुगीतु. नाळे बन्नी." मोजणी संपली, उद्या या. मोजणी संपली असेल तर उद्या कशाला यायचं, हा प्रश्न शिवराजच्या अगदी ओठांवर आला होता. पण तो म्हणाला, "आगली, सर," म्हणजे बरं, आणि बाहेर आला. बाहेर येऊन त्यानं एक चहा मागवला आणि न पिताच उठला.

घरी आल्यावर गुंडू अण्णांनी इतिहासाचा नाद सोडला आणि दुसरा सल्ला दिला. दुपारी जेवणाच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तेवढ्यात खुंट्या उपटायच्या आणि होत्या तिथं नेऊन ठोकायच्या. कुणी हटकलं तर हात जोडून सांगायचं की पांजणी चाललीय. हे शिवराजला पटलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो हातात जुन्या सुताचा एक गुंडा आणि काखेत हातोडी घेऊन बाहेर पडला. छाती अशी धडधडत होती की आतला माग सुरू राहिला की काय, असं वाटून तो एकदा परत जाऊन बघून आला.

खुंट्या उपटून झाल्या, पण मूळ जागा नेमकी कुठली ते आठवेना. अंदाजानं त्यानं गटाराच्या पलीकडे त्या ठोकल्या, त्यांवर जुनं सूत अडकवलं आणि घरात येऊन पाणी प्यायला. पण विणकर माळावर खिडकीला फट असलेलं त्याचं एकट्याचंच घर नव्हतं. पलीकडच्या मालुबाईनं सगळं पाहिलं होतं. तिच्या मनात आलं, ह्यानं खुंट्या ह्याच्या दारातून काढल्या, म्हणजे रस्ता आता कुणाच्या तरी दारात जाणारच. अर्ध्या तासात मालुबाई नवऱ्याला घेऊन, हातात सूत घेऊन बाहेर आली आणि तिनं आपल्या दारापुढच्या खुंट्या रस्त्याच्या मधोमध सरकवल्या. ते बघून समोरच्या ओळीतली घरं जागी झाली. त्यांनी त्या परत अलीकडे ढकलल्या. खुद्द गुंडू अण्णा धोतर खोचून, कायदा गुंडाळून ठेवून, एक खुंटी बगलेत मारून चालताना दिसले.

पुढचे काही दिवस विणकर माळावर जी पांजणी चालली, तशी वडगावच्या भरभराटीच्या काळातही कुणी पाहिली नसेल. ज्यांच्या घरातून हातमाग कधीच हद्दपार झाला होता ते लोक सकाळ-संध्याकाळ सूत ताणून उभे. कुणाच्या हातात कुंचा म्हणून खराटा, कुणाच्या बादलीत खळ म्हणून कालची पेज. एकमेकांशी बोलताना सगळे सुताचे भाव बोलत आणि बोलता बोलता पायानं खुंटी पुढं ढकलत. लाल टोकांची ती ओळ इतकी वाकडीतिकडी झाली की त्या रेषेवरून रस्ता झाला असता तर बस उलट्या तोंडानं बेळगावात परत आली असती. शिवराज रोज खिडकीच्या फटीतून हे बघे आणि प्रत्येक खुंटीगणिक आपला गुन्हा वाढतोय असं त्याला वाटे. सुरुवात त्याच्या घरातून झाली होती. नाव निघणार ते त्याच्याच घराचं.

आणि जीप आली.

जीपमधून तेजस्वी मॅडम उतरल्या. वयानं रक्षाहून थोड्याच मोठ्या, पण इंजिनिअर. मागून यंत्र घेतलेला माणूस उतरला, त्याच्यामागून रंगाच्या डब्याचा. नेमक्या त्याच सकाळी सोनाबाईनं लग्नाच्या साडीचा खरा ताणा काढला होता. चार खुंट्या तिनं पुन्हा हक्कानं अंगणात आणल्या होत्या, मधल्या आधारांना मागाच्या काठ्या बांधल्या होत्या आणि ती व शालू दोन बाजूंनी ओल्या खळीवर कुंचा फिरवत होत्या. बाकी रस्ताभर वस्तीची खोटी पांजणी पसरली होती. मॅडमनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"ह्या खुंट्या कुणी हलवल्या?"

गुंडू अण्णा आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज घेऊ लागले. शिवराज फटीमागं उभा होता. त्याला आईची पाठ दिसत होती. ती पाठ आता वळणार, आणि आई तिच्या सवयीनं सगळं खरं सांगून मोकळी होणार, हे त्याला कळलं. पाय नको म्हणत असताना तो दाराबाहेर आला.

"मी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला तो पुन्हा काढावा लागला. "मी हलवल्या, मॅडम."

सोनाबाईनं हात न थांबवता म्हटलं, "खोटं बोलालाय. ह्याला भिंतीत खिळा मारायला येत न्हाय. त्या बाजूच्या वाकड्या ह्याच्या. हितल्या माझ्या. सुतळी लावून बघा, केसाचा फरक न्हाय."

शिवराजनं डोळे मिटले. बेडीची कडी त्याला ऐकू आली.

मॅडम मात्र यंत्राच्या माणसाला म्हणाल्या, "नकाशा काढ." मग शिवराजकडे वळल्या. "अहो, खुंट्या हलवल्या म्हणून रस्ता हलतो का? लाईन नकाशात आहे. यंत्र लावलं की पुन्हा तिथल्या तिथं येते. लाकूडच आहे ते. तुमचं घर लाईनीत नाहीच." आणि रंगवाल्याला, "कुणी सांगितलं फुली मारायला? पुसून टाक त्या."

शिवराजला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. घर लाईनीत नाही. वस्तीनं एकदम श्वास सोडला आणि लोक भराभरा आपापली खोटी सुतं गुंडाळू लागले. मालुबाईनं तर पेजेची बादली तिथंच म्हशीला दिली. शिवराजच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही त्याला सुचलं नाही.

"चला, आता हे सगळं काढा," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "यंत्र लावायचंय. तो अंगणातला दोरापण काढा, मध्ये येतोय. लगेच."

गुंडू अण्णा धावतच आले. त्यांनी शिवराजचा सदरा मागून ओढला. "काढ रं, काढ लवकर. आत्ताशी घर वाचलंय."

शिवराजनं ताण्याकडं पाहिलं. निम्म्या सुताला खळ बसली होती, निम्मं अजून ओलं होतं. अशा वेळी ताणा उतरवला तर धागा धाग्याला चिकटतो आणि मग त्याचं काहीही होत नाही, फेकून द्यायचा. सोनाबाईचा हात आता थांबला होता. ती मॅडमकडं बघत नव्हती, गुंडू अण्णांकडंही नाही. ती शिवराजकडं बघत होती. ह्या वयात तिच्या हातून दुसरा ताणा होणार नव्हता, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. दारात रक्षा येऊन उभी राहिली होती.

"न्हाय काढता येत, मॅडम," शिवराज म्हणाला.

गुंडू अण्णांनी सदरा सोडून दिला आणि चार पावलं मागं सरकले, कुणी विचारलंच तर संबंध नको म्हणून.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"खळ ओली हाय. पोरीच्या लग्नाची साडी हाय. आता काढलं तर नास हुतोय." त्यानं पडवीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. "वाळल्यावर काढतो. तंवर बसा."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. ताण्याजवळ गेल्या, वाकल्या, बोट लावायला हात पुढं केला, आणि सोनाबाईनं "हां, हात न्हाय लावायचा" म्हटल्यावर तो मागं घेतला. किती वेळ लागेल असं त्यांनी विचारलं. सोनाबाई म्हणाली, ते उन्हाला विचारायचं. मॅडमनी यंत्राच्या माणसाला हातानंच थांब म्हणून खूण केली, आणि येऊन पडवीच्या कट्ट्यावर, अर्धवट पुसलेल्या फुलीखाली, बसल्या. त्यांच्या शेजारी यंत्रवाला बसला. रंगवाल्यानं डबा खाली ठेवला आणि तोही बसला. दोन्ही कुंचे पुन्हा चालू झाले.

शिवराज ताठ चालत घरात गेला. स्वयंपाकघरात पोचल्यावर मात्र त्यानं दोन्ही हातांनी ओटा जो धरला तो सोडेचना. मागोमाग हात पुसत शालू आत आली, त्याच्या तोंडाकडं बघून घाबरली आणि म्हणाली, "काय झालं ओ?"

"काय न्हाय," शिवराज म्हणाला. "सरकार भाईर बसलंय. च्या ठेव. साखर जरा जास्त घाल."